बिनशेपटीचा पक्षी

फांगाहीना गावात दिवस उजाडतो तो दोन आवाजांनी. एक चर्चची घंटा आणि दुसरी तोआकासेची मोगरी. घंटा एखाद्या दिवशी चुकते, कारण ती वाजवणारा पेनी रात्रभर कावा, म्हणजे गुंगी आणणारा मुळांचा काढा, पिऊन उशिरा उठतो. रविवार सोडला तर मोगरी चुकत नाही. हिआपोच्या झाडाची साल सोलायची, आतली पांढरी साल भिजत घालायची, मग ओंडक्यावर ठेवून ठोकत ठोकत वीतभर पट्टी हातभर रुंद करायची, हे काम तोआकासेनं सातव्या वर्षी धरलं. आता एकाहत्तरावं चालू होतं, तरी शेजारच्या बायका आपला ठोका तिच्या ठोक्यावर लावून घेत.

शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी सांगितलं, आपलं बेट अमक्या कप्तानानं शोधलं. ती म्हणाली, "मास्तर, आपलं बेट हरवलं कधी होतं?" मास्तरांनी छडी उगारली. तिनं ती मोडून त्यांच्याच हातात दिली आणि घरी आली. तेव्हापासून शाळा तिच्या वाटेला गेली नाही आणि ती शाळेच्या.

त्या शुक्रवारी तिचा भाचा लोपेती धापा टाकत अंगणात आला. हा तिच्या धाकट्या भावाचा, मानासेचा थोरला. मानासे जाऊन नऊ वर्षं झाली. लोपेती गावचा कारभारी. सरकारी कागद आला की वाचून दाखवायचा, डुकरं रस्त्यावर आली की दंड करायचा, आणि आत्या समोर आली की मान खाली घालायची, एवढं त्याचं काम. आमच्या बेटांवर बापाची बहीण बापाच्या वर. ती भाच्याच्या दारात उभी राहून म्हणाली, ती डुकरीण माझी, की डुकरीण तिची. भाच्यानं फक्त दोरी सोडून द्यायची. याला फाहू म्हणतात. हा हक्क कुणी लिहून दिलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही.

"आत्या, हे बघ," लोपेतीनं फोन पुढे केला. "उद्या विमानानं येतंय. गोऱ्यांच्या देशातल्या संग्रहालयानं पाठवलंय. अडीचशे वर्षांपूर्वी जहाजवाल्यांनी इथून नेलेलं सालकापड."

"मोठं कर."

त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं. तांबूस कापड, काठाला उडत्या पक्ष्यांची ओळ. तोआकासेची मोगरी हवेतच थांबली. ती थांबली म्हणून बाकीच्या पाच थांबल्या.

"वन्सं, हे तर आपलं..." मानासेची बायको फूसी म्हणाली.

"गप. मोजू दे."

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्याला शेपटी नव्हती. आठव्याला होती.

तोआकासे उठली, घरात गेली आणि आढ्याला टांगलेली ठशाची पाटी काढून घेऊन आली. नारळाच्या हिरांच्या काड्या पानावर शिवून केलेली ती नक्षी. तिच्यावर कापड ताणायचं, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की पक्षी उमटतात. पाटीवर बोट ठेवून तिनं पुन्हा मोजलं. सातवा पक्षी इथेही बिनशेपटीचाच.

ही गोष्ट घरातल्या पोरीबाळींना पाळण्यात ऐकवलेली असते. तोकीलुपे नावाच्या पूर्वज बाईच्या घरून सात होड्या समुद्रात गेल्या, सहा परत आल्या. सातवीत तिचा नवरा होता. पक्ष्याची शेपटी म्हणजे होडीचं सुकाणू. तिनं नवी पाटी शिवताना सातव्याची शेपटी शिवलीच नाही. पाटी झिजली की पुढची पोर नवी शिवते आणि ती शेपटी सोडते. आजीनं सोडली, आईनं सोडली, तोआकासेनंही सोडली. त्याच तोकीलुपेच्या म्हातारपणी पांढऱ्या शिडांचं जहाज आलं. त्यातला एक पोरगेला खलाशी किनाऱ्यावर हुडहुडी भरून पडला, म्हणून तिनं अंगावरचं कापड त्याच्यावर घातलं. जहाज गेलं, खलाशी गेला, कापडही गेलं.

"खाली काय लिहिलंय?" तोआकासेनं विचारलं.

लोपेतीनं वाचलं. "सालकापड. जहाजावरच्या वैद्यानं गोळा केलं. सातव्या पक्ष्यात कारागिराची चूक."

"गोळा केलं?" तोआकासे म्हणाली. "शिंपले गोळा करतात, लोप्या. वाऱ्यानं पडलेले नारळ गोळा करतात. आजारी माणसाच्या अंगावर घातलेलं पांघरूण कुणी गोळा करतं का? शेजारी ताट घेऊन जातो तो परत आणून देतो, आणि रिकामं आणत नाही. आणि वर चूक काढतात! नाचता येईना, अंगण वाकडं ऐकलं होतं. इथं अंगण चोरून वर वाकडं म्हणायला आलेत."

"आत्या, चोरलं म्हणू नकोस, सरदारांनी ऐकलं तर... बुधवारी सभागृहात काचेच्या पेटीत दाखवणार आहेत. सरदार येणार, पाद्रीबाबा येणार. गुरुवारच्या विमानानं परत."

"परत कुठं? परत तर ते उद्या येतंय."

"कागदावर सह्या झाल्यात. मंत्र्यांची आहे."

"तोकीलुपेची आहे का?"

लोपेतीनं फोन खिशात घातला.

"मग ऐक. गुरुवारच्या विमानात ते कापड चढणार नाही. कसं ते मला अजून ठाऊक नाही. पण चढणार नाही." तिनं मोगरी उचलली आणि अशी हाणली की ओंडका हलला.

शनिवारी दुपारी कापडाचा राखणदार स्वतः तिच्या अंगणात आला. योरिस त्याचं नाव. आमच्या जिभेवर ते बसेना म्हणून पोरांनी त्याचं सिओलिसी केलं. ताडमाड उंच, नाकाची साल निघालेली, वय पस्तिशीचं. सोबत मारित नावाची गंभीर बाई. कापडाला ऊन किती, हवा किती, हे बघणं तिचं काम. सिओलिसी आमची भाषा बोलायचा, पण पुस्तकातून शिकलेली. मांडी मात्र नीट घातली त्यानं, पाय कुणाकडे केले नाहीत. एवढ्यावर तोआकासेनं त्याला नारळाचं पाणी दिलं.

"आदरणीय मातोश्री," तो म्हणाला, "आपल्या दर्शनाने मी उपकृत झालो आहे."

बायकांनी पदर... छे, पदर कसला आमच्याकडे, बायकांनी पंखे तोंडावर धरले.

"कुणी मेलंय का रे?" तोआकासेनं विचारलं. "असं मयताला बोलतात."

सिओलिसी कानापर्यंत लाल झाला, पण हसला. मग त्यानं पिशवीतून कागद काढला आणि त्याच्या डोळ्यांत एकदम दिवे लागले. "या कापडाच्या एका तंतूवरून आम्हाला मोठा शोध लागला आहे. हिआपो हे झाड मूळचे इथले नव्हे! आशियाच्या किनाऱ्याजवळील एका बेटावरून, हजारो वर्षांपूर्वी, बेटामागून बेट करीत ते इथवर आले. आणि इथली जवळजवळ सारी झाडे मादी आहेत. बी धरत नाहीत. म्हणजे प्रत्येक झाड कोणीतरी कोंब आणून हाताने लावलेले आहे!"

"कोणीतरी?"

"होय. प्राचीन दर्यावर्दी."

"दर्यावर्दी म्हणे." तोआकासेनं भिजलेली साल पिळली. "पुरुष होडी हाकत होते, वर तारे बघत होते. कोंबाला खारं पाणी लागलं की तो मरतो, ठाऊक आहे? ओल्या चटईत गुंडाळून मांडीवर कुणी धरला? प्यायला घोटभर गोडं पाणी मिळायचं, त्यातलं अर्धं कोंबाला कुणी पाजलं? बाईनं. बाईनं बाईचं झाड आणलं. हे कळायला तुम्हाला तंतू तपासावा लागला? येऊन विचारायचं होतं."

सिओलिसीनं वही काढली आणि भराभर लिहायला लागला.

"काय लिहितोस?"

"हे अत्यंत महत्त्वाचे आहे."

"मग तुझ्या शोधाखाली माझं नाव घाल."

तो हसला. ती हसली नाही.

"हे बघ, पोरा. तुमच्या कप्तानाला तुम्ही शोधक म्हणता. तो आला, पाणी भरलं, डुकरं घेतली, खिळे दिले, नकाशावर नाव घातलं आणि घरी गेला. माझ्या आज्या निघाल्या त्या घर घेऊनच निघाल्या. झाड, कोंबडी, डुक्कर, पोटातलं पोर, सगळं. परतीचा विचार नाही. आताही आमचं अर्धं गाव ऑकलंडात आहे. तिथल्या लग्नांना, मयतांना माझं कापड जहाजातून जातं. जाणं-येणं आम्हाला तुम्ही शिकवलेलं नाही. आम्ही जातो तिथं काही देऊन जातो. आता तुम्ही आलात. काय देणार?"

"ज्ञान," तो म्हणाला.

"आणि काय नेणार?"

मारितनं त्याला विचारलं, बाई काय म्हणतात. त्यानं सांगितलं नाही. नुसती वही मिटली.

"ते इथं ठेवून जा," तोआकासे सरळ म्हणाली.

"ते मला शक्य नाही, मातोश्री. ते माझे नाही. मी केवळ राखणदार. पेटीची किल्ली तेवढी माझ्या गळ्यात आहे." त्यानं सदऱ्यातून दोरी काढून दाखवली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "माझ्या हातात असते, तर दिले असते."

"लक्षात ठेवीन," तोआकासे म्हणाली.

रविवारी लोपेतीकडे मोठं जेवण होतं. जमिनीतल्या भट्टीत दोन डुकरं, रताळी, नारळाच्या दुधातल्या अळूच्या पुड्या. तोआकासेला सगळ्यात मानाची जागा होती, पण ती गेली नाही. "माझं कापड कैदेत आणि मी त्याच्या तुरुंगाधिकाऱ्याबरोबर डुक्कर खाऊ?" असा निरोप तिनं धाडला. डुकराची पाठ मात्र घरी मागवून घेतली. हक्क तो हक्क.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी फूसी घाबरत घाबरत आली. दारातच बसली.

"वन्सं, रागावू नका. लोपेतीनं एक केलंय."

"डुकरं करपवली?"

"नाही हो. जेवणानंतर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, सिओलिसी आजपासून माझा भाऊ. मानासेचा मुलगा. तुम्हाला विचारायला हवं होतं, मी त्याला खूण करत होते, पण तो अंगात आल्यासारखा बोलत होता. पाद्रीबाबांनी लगेच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली."

फूसीनं मोगरी कुठं आहे ते आधी बघून घेतलं.

"आणि तो काय म्हणाला?" तोआकासेनं विचारलं.

"रडला बिचारा. म्हणाला, मला आता भाऊ आहे, आई आहे, आत्या आहे."

"आत्या आहे म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?"

"म्हणाला की. दोनदा म्हणाला."

तोआकासे हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"वन्सं, मला तुमची भीती वाटते. डोक्यात काय शिजतंय?"

"फूसी, तुझ्या पेटीतून मानासेची चटई काढ."

फूसीचा चेहरा उतरला. कमरेला चटई बांधल्याशिवाय आमच्याकडे माणूस चर्चला जात नाही की सरदारापुढे उभा राहत नाही. चटई जितकी जुनी आणि फाटकी, तितकी मानाची. मानासेची त्याच्या आईनं विणलेली होती. ती लोपेतीलासुद्धा मिळाली नव्हती. बहीणभाऊ मोठे झाले की आमच्या रीतीत एका खोलीत बसत नाहीत, तोंडावर थट्टा करत नाहीत. पन्नास वर्षं मानासेनं तोआकासेच्या पायरीवर मासळी ठेवली आणि रस्त्यावरूनच हाक मारली. बोलणं असं ते तेवढंच. ती चटई म्हणजे तिचा भाऊच होता.

"ती त्या परक्याला?"

"परका कसला? तुझा मुलगा आहे तो आता. बुधवारी मी स्वतः बांधणार."

बुधवारी सकाळी सभागृहामागं तिनं ती बांधली. सिओलिसी हात वर करून उभा होता, डोळे पाण्यानं भरलेले. मारितनं चटईची फाटकी कड बघितली आणि म्हणाली, हिची डागडुजी करता येईल. लोपेतीनं ते आमच्या भाषेत सांगताच फूसी मधे आली. "हात लावू नकोस, बाई."

"सिओलिसी," चटईवर दोरी गुंडाळत तोआकासे म्हणाली, "आत्या म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"अर्थात! मी त्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पित्याची भगिनी सर्वोच्च. भाच्याच्या हातातील कोणत्याही वस्तूवर तिचा अधिकार. फार रोचक प्रथा आहे."

"रोचक. आणि पुस्तकातलं सगळं खरं आहे ना? का त्यातही कारागिराची चूक?"

"प्रत्येक शब्द पडताळून पाहिला आहे, आत्या."

"मग बरं." तिनं गाठ आवळली. "मी सांगितलं नाही असं मागाहून म्हणायचं नाही."

सभागृह खच्चून भरलं होतं. समोर खुर्चीत सरदार, शेजारी पाद्रीबाबा, खाली चटयांवर गाव. ऑकलंडहून आलेल्या बायका फोन उंच धरून तिकडच्यांना दाखवत होत्या. मधोमध काचेची पेटी, तिच्या कडेला पेटीवर आणि आतल्या हवेवर लक्ष ठेवणारं, हिरवा दिवा लागलेलं छोटं यंत्र. दुसऱ्या बाजूला बायकांनी संग्रहालयाला द्यायला काढलेल्या नव्या सालकापडाची गुंडाळी. चाळीस पावलं लांब, पाच महिन्यांचं काम.

सिओलिसीनं छान भाषण केलं. समुद्र आपणा सर्वांना जोडतो, म्हणाला. ज्ञान कोणा एकाचे नसते, म्हणाला. लोपेतीनं छाती फुगवून सांगितलं, हा माझा भाऊ. टाळ्या झाल्या. त्या विरायच्या आत तोआकासे उठली. गुडघे कुरकुरले, पण ती कुणाचा हात न धरता पेटीपर्यंत गेली आणि काचेवर तळवा ठेवला.

यंत्राचा दिवा लाल झाला आणि ते कुईकुई करायला लागलं.

"हे माझं," ती म्हणाली.

सरदार खुर्चीत पुढे झुकले. "तोआकासे, कोणत्या नात्यानं?"

"आत्याच्या. मानासेचा मुलगा इथं उभा आहे. गावानं बघितलं, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. भाच्याच्या हातातलं मी मागते."

"पण आत्या," सिओलिसी अडखळला, "ते माझे नाही. ते संग्रहालयाचे..."

"मी कापड कुठं मागतेय? तुझ्या गळ्यात किल्ली आहे ती मागते. गळा तुझा आहे ना? का तोही संग्रहालयाचा?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मारित उभी राहिली. करार, विमा, मंत्रालय, असं बरंच बोलली. लोपेतीनं घाम पुसत पुसत ते सांगितलं आणि वर स्वतःचं घातलं, "आत्या, मंत्री माझी मान धरतील."

"तू बोलूच नकोस. भाऊ तूच केलास ना? मला विचारलंस? आता भोग आपल्या कर्माची फळं." मग ती सिओलिसीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "दोनच वाटा आहेत, पोरा. भाचा असशील तर किल्ली दे. नसशील तर मानासेची चटई सोड, फूसीच्या हातात ठेव आणि पाहुणा म्हणून जा. पाहुण्याकडे आम्ही काही मागत नाही. जेवू घालतो आणि विमानात बसवतो. कुणी तुला वाईट म्हणणार नाही."

सिओलिसीचा हात कमरेच्या गाठीकडे गेला. फूसीनं पंखा डोळ्यांवर धरला. त्यानं सरदारांकडे पाहिलं. सरदारांना स्वतःच्या तीन आत्या होत्या, ते छताच्या पंख्याकडे बघायला लागले. त्याची बोटं दोरीवर होती, आणि दोरी अर्धं बोट सैल झालीसुद्धा. सगळं सभागृह त्या बोटांकडे बघत होतं.

"शनिवारी म्हणालास, माझ्या हातात असतं तर दिलं असतं," तोआकासे म्हणाली. "आता हातात आहे."

सिओलिसी बोलला, आणि पहिल्यांदाच त्याची भाषा पुस्तकातली नव्हती. "माझी नोकरी जाईल, आत्या."

"जाईल." तिनं खोटा धीर दिला नाही. "आमच्या सातव्या होडीतला माणूसही गेला. मी तुला गेलेलं परत देऊ शकत नाही. हिआपोला गवत फार माजतं, ते काढायला माणूस लागतो. जेवण मिळेल, पगार नाही."

सिओलिसीचा हात गाठीवरून वर गेला. त्यानं गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. मग हलकेच चटईची दोरी पुन्हा आवळून घेतली.

सभागृहात असा गलका उठला की कावा पिऊन बाहेर झोपलेला पेनी आग लागली समजून घंटा वाजवायला धावला.

मारितनं पांढरे हातमोजे पुढे केले. निदान हे घाला, अशी खूण केली. बिचारी रडकुंडीला आली होती. तिचंही कापडावर प्रेमच होतं, तेवढं तोआकासेला दिसलं. म्हणून तिनं शिव्या दिल्या नाहीत. फूसीनं पाण्याचं भांडं आणलं, तोआकासेनं त्यात हात धुतले, पुसले, आणि कुलूप उघडलं.

कापडाला धुराचा वास नव्हता, खोबरेलाचाही नव्हता. दवाखान्यासारखा वास येत होता. तिनं बोटानं ओळ चाचपली आणि सातव्यावर थांबली. ठशाची पाटी आणवून त्याच्याशेजारी धरली. मधे अडीचशे वर्षं आणि कितीतरी शिवणाऱ्या बाया, त्यामुळे पक्षी थोडे इकडेतिकडे सरकले होते, एक चोच लांबली होती. पण सातवा तिथंही तसाच, इथंही तसाच.

"तुमच्या कागदावर लिहा," ती मारितला म्हणाली, "ही चूक नाही. हे आमचं नाव आहे."

मग तिनं बायकांना खूण केली. बायकांनी चाळीस पावलांचं नवं कापड उलगडत सिओलिसीच्या पायाशी आणलं. "तुमचं ताट आम्ही रिकामं धाडत नाही. हे न्या. आणि त्याखाली लिहा, फांगाहीनाच्या बायकांनी दिलं. गोळा केलं असं लिहिलंत तर मी तिथं येईन. ऑकलंडहून विमान मिळतं, मला ठाऊक आहे."

गुरुवारच्या छोट्या विमानात नवी गुंडाळी आणि काचेची पेटी दोन्ही मावेनात. सिओलिसी आणि मारित गेले, पेटी राहिली. फूसीनं ती अंगणात ठेवून दिली, आणि आता तिच्यात तिची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसते. यंत्राचा दिवा मध्येच हिरवा होतो. कोंबडीला हवा मानवते म्हणायची.

पत्रं आली. पहिलं गोड होतं, दुसरं वकिलाचं. लोपेती वाचायचा आणि तोआकासे ठोकत ठोकत उत्तर सांगायची, "लिही, तुमच्या माणसानं दिलं. माझ्या भाच्यानं. त्याला विचारा." तिसरं पत्र सिओलिसीचं स्वतःचं होतं. त्याला वरच्या मजल्यावरून काढून तळघरात शिंपल्यांच्या खोक्यांवर बसवलंय. शिंपले मोजतो. नवं कापड भिंतीवर लागलंय आणि त्याखाली 'दिलं' असंच लिहिलंय, त्यासाठी मारित भांडली. रताळी लावायच्या दिवसांत तो येतोय. चटई सोबत आणतोय.

"ये म्हणावं," तोआकासे म्हणाली. "खुरपं काढून ठेवते."

मग एके दिवशी मंत्रालयातून माणूस आला. आपलाच, राजधानीकडचा, कडक सदरा, कमरेला नवीकोरी चटई, काखेत कागद. तोआकासे घरात पलंगावर बसून साल सोलत होती. आमच्याकडे चांगलं कापड कपाटात ठेवत नाहीत, गादीखाली पसरतात, म्हणजे सुरकुतत नाही आणि अंगाची ऊब लागते.

"काकी, ते कापड कुठं आहे?" त्यानं अदबीनं विचारलं.

"मी बसलेय त्याखाली."

"मला ते ताब्यात घ्यायचा हुकूम आहे. जरा उठता का?"

"नाही."

त्यानं कागद उघडला, शिक्का दाखवला. तिनं शिक्क्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सालीचा एक लांब पट्टा सर्रकन ओढून काढला आणि विचारलं, "तुझी आत्या आहे का रे जिवंत?"

"आहे. वावाऊ बेटावर असते."

"मग फोन लाव तिला. हा कागद वाचून दाखव आणि विचार, मी उठावं का म्हणून. ती हो म्हणाली तर उठते."

त्या माणसानं फोन काढला, पण लावला नाही. बाहेर फूसीची कोंबडी ओरडली. मग त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दारातल्या चटईवर मांडी घालून बसला.

"परतीची होडी चारला आहे," तो म्हणाला. "जेवायला काय आहे, काकी?"